गाडी रात्री कुठे असते

"गाडी रात्री कुठे उभी असते?" विम्याच्या एजंटबाईंनी विचारलं.

"माझ्याकडे," आई आणि बाबा एकदमच म्हणाले, आणि शब्द उष्टा झाल्यासारखं दोघांनीही तोंड वाकडं केलं.

मुलगी मधल्या खुर्चीत बसली होती. अठरा पूर्ण होऊन तीन महिने झाले होते, लायसन्स हातात येऊन सहा दिवस. सोमवारपासून नर्सिंगचं प्रशिक्षण. तीन गावांतले तीन दवाखाने, पहाटेची पाळी, आणि त्या वेळेला तिकडे चिटपाखरू जात नाही, बस तर सोडाच. जुनी का होईना, गाडी तिने स्वतःच्या पैशांनी घेतली होती. आता अडलं होतं विम्यावर. चार कंपन्यांनी सांगितलेला वर्षाचा हप्ता गाडीच्या किमतीहून मोठा होता. ही पाचवी.

राहण्याच्या पत्त्याचे कागद दोघांकडेही होते, म्हणून तिने दोघांनाही बोलावलं होतं. मुद्दाम एक तासाच्या अंतराने. बाबा उशिरा आले, आई लवकर आली. वेगळे झाल्यापासूनच्या नऊ वर्षांत दोघांचं जुळलं ते एवढंच.

"मी अर्धा आठवडा इकडे असते, अर्धा तिकडे," मुलगी म्हणाली.

"अर्धा आठवडा याला कळत नाही." बाईंनी कॉम्प्युटरकडे मान हलवली. "एकच पत्ता सांग. आईचा घालून बघू?"

आईचा पत्ता घातला. गाडी रस्त्यावर उभी राहणार होती. आकडा आला तो मुलीच्या ऐपतीच्या दीडपट होता.

बाबा खुर्चीत सैलावले. "मागच्या वर्षी त्या गल्लीतून दोन गाड्या चोरीला गेल्या. माझ्याकडे कुलपाचं गॅरेज आहे. ते टाका."

गॅरेज टाकलं. आकडा घसरला, आणि मुलीला जेमतेम झेपेल अशा जागी येऊन थांबला. ती पर्स उघडणार, तेवढ्यात आई एजंटबाईंना म्हणाली, "यांच्या घरात गाडी चालवणारं आणखी कोण आहे, हे नाही विचारायचं?"

"विचारायचं ना. पुढच्या पानावर आहे."

"मग विचारा. यांच्या नव्या बाईसाहेबांनी पार्किंगमधला खांब पाडलाय. उभा खांब. दिवसाढवळ्या."

"तो खांब आधीपासूनच हलत होता," बाबा एजंटबाईंना म्हणाले.

"क्लेम केला होता?"

बाबा भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले. बाईंनी 'हो'वर टिचकी मारली. आकडा वर गेला.

"आता त्यांच्याकडचंही दुसरं पान भरा," बाबा म्हणाले. "तिथे पोरीचा मामा राहतो. त्याचं लायसन्स कशापायी गेलं होतं, तेही विचारून घ्या."

"आठ महिन्यांत त्याने घोटसुद्धा घेतलेला नाही."

"म्हणजे त्याआधी घेत होता. लिहा."

"मामा माझ्या गाडीला हातही लावणार नाही," मुलगी म्हणाली.

"पण राहतो ना त्याच घरात?" बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज वाईट नव्हता. "कानावर आलं नसतं तर गोष्ट वेगळी. आता भरावंच लागेल."

मग दोघांनाही हुरूप आला. कोर्टात जे जे सांगायचं राहून गेलं होतं, त्याला इथे छापील रकाने होते. यांना उजव्या डोळ्याने नीट दिसत नाही आणि रविवारी पोरीची गाडी हेच फिरवणार. पोरीच्या आईने सिग्नल तोडल्याचे तीन दंड भरलेत, चौथा भरलेला नाही. एजंटबाई दोन बोटांनी सगळं टिपत होत्या. त्यातलं एकही खोटं नव्हतं, हीच पंचाईत होती. दोन्ही पत्त्यांचे आकडे आळीपाळीने चढत होते, आणि आई-बाबा पुढे वाकून कोणाचा कमी आहे ते बघत होते. मुलीची ऐपत केव्हाच खाली राहिली होती.

"मला सोमवारी जायचंय," ती म्हणाली.

"अगं, मग यांना सांग ना. यांच्यामुळेच अडलंय."

"कोणामुळे अडलंय ते दिसतंय स्क्रीनवर," बाबा म्हणाले.

मुलीने पर्समधून प्रशिक्षण केंद्राचं पत्र काढलं. पहिल्या दवाखान्याच्या मागे शिकाऊ मुलींसाठी एकेक खोली होती. नको असल्यास आज संध्याकाळपर्यंत कळवावं, असं खाली लिहिलं होतं. 'नको' हे तिने कालच फोनवर टाइप करून ठेवलं होतं, पाठवलं तेवढं नव्हतं. तिथे राहायला गेली असती, तर दुसऱ्याने पढवून पाठवलं असं दोघंही म्हणाले असते.

तिने फोन काढून तो शब्द खोडला आणि पत्र बाईंच्या पुढे सरकवलं.

"हा पत्ता टाका. गाडी फाटकाच्या आत उभी राहील."

"घरात आणखी कोण?"

"कोणी नाही."

"गाडी दुसरं कोणी चालवणार?"

"नाही."

आकडा आला. गॅरेजच्या पहिल्या आकड्यापेक्षाही खाली.

"घरात माणसं नसली की कंपनी खूश असते," बाई म्हणाल्या.

"म्हणजे तू तिकडे राहायला जाणार?" आईने विचारलं.

"हे कोणी शिकवलं तुला?" बाबांनी विचारलं, आणि इतका वेळ टाळलेल्या आईकडे सरळ बघितलं.

"माझ्याकडे काय बघता? तुमचंच डोकं दिसतंय हे."

प्रिंटरमधून कागद बाहेर आला. बाईंनी तो मुलीसमोर ठेवला आणि त्यावर पेन ठेवलं.

"अठरा पूर्ण आहेत, तेव्हा सही हिचीच," त्या दोघांना म्हणाल्या. "तुमच्या सहीला यात जागा नाही. तुम्ही बाहेर बसलात तरी चालेल."

मुलगी सही करू लागली. खोलीला दार एकच होतं. आधी कोण उठतंय ते बघत दोघंही बसून राहिले.