एका घराला एक झाड

चंद्रावरच्या वसाहतीत प्रत्येक घराला वर्षानुवर्षं टिकेल असं एकच झाड लावता यायचं. शेजाऱ्यांनी शहाणपणानं शेवगा, लिंबू, कढीपत्ता निवडला. वत्सलाबाई टिपणीसांनी मात्र बी रुजवून सोनचाफा वाढवला. कित्येक वर्षं त्याला नुसती पानंच आली.

"आता या पानांची भाजी करणार का?" शेजारीण विचारायची. "थांबा हो, घाई काय आहे," म्हणत बाई ओल्या फडक्यानं एकेक पान पुसत राहायच्या.

आज पहिलं फूल उमललं आणि घरातला हवेचा भोंगा ठणाणा वाजायला लागला. हवा खात्याचा इंद्रजित मास्क लावून धावत आला. तो चंद्रावरच जन्मलेला.

"आजी, हवेत काहीतरी मिसळलंय. झाड उपटावं लागेल."

"उपट. पण आधी तो मास्क काढ."

त्यानं भीत भीत एक श्वास घेतला. मग आणखी एक, चांगला छाती भरून. भोंगा बंद करायचंही त्याला सुचेना.

"झाड राहू दे," तो हळूच म्हणाला. "गल्लीकडची झडप बंद करतो. वास तुमच्या घरापुरता राहील."

"एवढी वर्षं मी माझ्या एकटीच्या नाकासाठी थांबले होय रे?"

इंद्रजित झडपेपाशी गेला आणि त्यानं ती सताड उघडली.

गल्लीत एकामागून एक भोंगे वाजत गेले. दारं उघडली. माणसं मास्क हातात घेऊन बाहेर आली, पण तो कुणीच लावला नाही.