संत आन्नाचं वाचन

बावीस वर्षं संत आन्नाच्या सणाला चर्चमधल्या मिस्सेच्या प्रार्थनेतलं ठरलेलं वाचन कार्मेलीनच करायची. यंदा फादरांनी ते शेजारच्या सिसिलच्या पोरीला दिलं.

"काल फ्रॉकात होती, आज वाचायला उभी!" कार्मेलीनचा नुसता जळफळाट. वेदी सजवता सजवता तिनं वाचनाच्या ग्रंथातली खुणेची फीत हळूच भलत्या पानावर सरकवली.

पोरगी उभी राहिली, पान पाहून थबकली. कार्मेलीन बाकावर सरसावून बसली.

मग पोरीनं मान वर केली आणि अख्खं वाचन तोंडपाठ म्हटलं. शेवटच्या ओळीआधी नाकावर नसलेला चष्माही वर सरकवला.

"पाठ कधी केलंस गं?" कार्मेलीननं तिला बाहेर गाठलं.

"केलं कुठं, मावशी? लहानपणापासून तुमचंच ऐकतेय!"

"माझा चष्मा ढिला आहे म्हणून मी सरकवते, वेडे," म्हणत कार्मेलीन फीत जागेवर ठेवायला आत वळली.