तोंडाचा पट्टा

सतरा नंबरचा पट्टा पुन्हा बोलायला लागला होता. पडद्यावर ठिपक्यामागून ठिपका उमटत होता, आणि प्रत्येक ठिपका म्हणजे पट्ट्यानं उच्चारलेलं तेच ते एक वाक्य.

"दुपारी ट्रक उभा राहिला रे राहिला की याची बडबड सुरू," खुटखुट्या म्हणाला. दिसेल ते यंत्र उघडून बसायची खोड, म्हणून ऑफिसात त्याला सगळे खुटखुट्याच म्हणत.

तिनं नुसती मान हलवली. बोलायलाही अंगात त्राण लागतं. घरोघर, दुकानोदुकानी माल पोचवणाऱ्या ट्रक ड्रायव्हरांसाठी मनगटावर बांधायचा हा पट्टा तिनंच आखला होता. हात स्टिअरिंगवर असताना फोन कोण उचलणार? त्यापेक्षा पट्ट्याशी नुसतं बोलायचं; दिवसाची पाळी संपली की तो आपोआप बंद व्हायचा. 'पोचलो' म्हटलं की गोदामाला कळायचं. 'रस्ता बंद' म्हटलं की पट्टा दुसरा रस्ता सांगायचा. आणि 'दमलो' म्हटलं की त्यातून तिचा स्वतःचा आवाज यायचा, "दमलास का रे? घे जरा सावलीला. गाडी कुठे पळून जात नाही."

सतरा नंबर घोकत होता ते हेच वाक्य. ते कागदावर नव्हतंच. कागदावर होतं, 'कृपया विश्रांती घ्या.' पण रेकॉर्डिंगच्या दिवशी ती खुशीत होती, तोंडून आपसूक गेलं. "ड्रायव्हरांना अरे-तुरे?" म्हणून साहेबांनी नाक मुरडलं होतं. ड्रायव्हरांना मात्र तेच आवडलं, म्हणून राहिलं. हल्ली तो आवाज कानावर पडला की तिलाच प्रश्न पडे, ही हसऱ्या गळ्याची बाई कोण?

साहेब दारात येऊन उभे राहिले.

"उद्या वाहतूक कंपनीची माणसं येतायत. चाचणीतला एक पट्टा असा बरळतो, तर पुढचे हजार काय करतील, असं विचारतायत. उद्यापर्यंत सुधारला नाही तर ऑर्डर गेली. ऑर्डर गेली की तुमचा विभागही गेला."

"पट्टा हातात आल्याशिवाय सुधारू कसा?"

"मग मागवून घ्या की."

"कोणाकडून? कोणता पट्टा कोणाच्या हातावर आहे ते आपण विचारायचं नाही, त्यांचं बोलणं साठवायचं नाही, या अटीवर तर ड्रायव्हर तयार झाले. गोदामात खोकं ठेवलं होतं, ज्याला हवा त्यानं उचलला."

"ते तुम्ही बघा," म्हणून साहेब मोकळे झाले.

संध्याकाळी ती घरी लॅपटॉप उघडून बसली. थोड्या वेळानं नवरा आला. तोही त्याच वाहतूक कंपनीचा ट्रक चालवायचा. पट्टा बांधशील का, असं तिनं सगळ्यात आधी त्यालाच विचारलं होतं. "दिवसभर हातावर तुझा पट्टा आणि घरी तुझ्या तोंडाचा पट्टा? नको गं बाई," म्हणाला होता. तेव्हा दोघंही पोट धरधरून हसले होते. आता तोंडाचा पट्टाही बंदच होता. भांडण काही नव्हतं. भांडायला तरी समोरासमोर बसावं लागतं.

त्यानं बूट काढले आणि पूर्ण बाह्यांच्या शर्टातच खुर्चीत अंग टाकलं.

"दमलो," तो म्हणाला.

"मी काय लोळत होते?" ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली.

तो उठला, आपलं आपण ताट वाढून घेतलं आणि भिंतीकडे बघत जेवला. आपण तुसडेपणानं बोललो, हे तिला कळलं. वाईटही वाटलं. पण सतरा नंबर तेवढा निस्तरू दे, मग बोलू, असं म्हणून तिनं ते वाईट वाटणं बाजूला सारलं.

सकाळी खुटखुट्या नाचतच आला.

"सापडलं! पट्टा कधी बोलतो? 'दमलो' ऐकलं की. आणि बोलताना स्वतः काय म्हणतो? 'दमलास'! सतराचा माईक जरा तिखट कानाचा असणार. स्वतःचंच ऐकतोय आणि स्वतःलाच उत्तर देतोय. माझी आजी करायची तसं. काखेत कळसा आणि आपला गावाला वळसा!"

"मग बाकीच्या पट्ट्यांना का नाही होत? आणि गाडी उभी असतानाच का?"

"चालत्या गाडीत इंजिनाच्या घरघरीत त्याला काय ऐकू येणार? बाकीचं देवाला ठाऊक. तू वाक्य बदल, इडापिडा टळो."

तिला पटलं, किंवा वाद घालण्याइतकी ताकद उरली नव्हती. तिनं आपला आवाज पुसून टाकला आणि यंत्राच्या तयार आवाजातलं 'कृपया विश्रांती घ्या' सगळ्या पट्ट्यांवर पाठवून दिलं.

दुपारी साहेबांसकट तिघंही पडद्याला डोळे लावून बसले. सतरा नंबरवर एक ठिपका उमटला. थोड्या वेळानं आणखी एक. मग काहीच नाही. पाहुणे आले तेव्हा पडदा स्वच्छ होता. त्यांनी माना डोलावल्या, ऑर्डर पक्की झाली. "शेवटी 'कृपया'च कामी आलं," साहेब हसून म्हणाले.

घरी जाताना तिला कितीतरी दिवसांनी मोकळं वाटत होतं. आज लॅपटॉप उघडायचाच नाही, आधी त्याला सांगायचं, मग दोघांनी बसून जेवायचं, असं तिनं वाटेतच ठरवून टाकलं.

तो आधीच येऊन बसला होता.

"ऐक ना, ऑर्डर मिळाली आपल्याला!"

"बरं झालं," तो म्हणाला. खरंच बरं वाटल्यासारखा हसला. मग त्यानं उजव्या बाहीचं बटण सोडलं, मनगटावरचा काळा पट्टा काढला आणि तिच्या हातावर ठेवला.

"जमलं तर एवढा दुरुस्त करून दे. आज दोनदा 'दमलो' म्हटलं, तर दोन्ही वेळा मला 'कृपया' म्हणाला."