घरी न्यावे

दवाखान्यात पडद्यापलीकडच्या करंदीकर आजोबांना शेवटची इच्छा नोंदवणारं यंत्र सकाळभर विचारत होतं. श्वास अडला तर नळी घालायची का, कुणाकुणाला बोलवायचं, उशाशी कोणतं गाणं लावायचं. काळूरामच्या आईला, ठमीबाई हिलमला, यंत्राने एका अक्षरानेही विचारलं नाही. तिची शेवटची इच्छा थेट छापूनच आली: ‘उपचार थांबवावेत. घरी न्यावे.’

“आईनं हे कधी सांगितलं?” काळूराम म्हणाला.

“सांगावं लागत नाही, दादा,” सिस्टर म्हणाली. “यंत्र जुन्या नोंदी बघतं. तुम्ही कातकरी लोक शेवटी माणूस घरीच नेता.”

“नेतो? माझ्या बापाला खाट नाही म्हणून याच दारातून परत लावलं होतं. झोळीतून नेताना वाटेतच गेला.”

सिस्टरने त्याच्या बापाची नोंद काढली. लिहिलं होतं, ‘स्वेच्छेने घरी.’

सात नंबरच्या खाटेवर ठमीबाईने डोळे उघडले. “मला इथंच ठेव रं. बरी होते मी.”

सिस्टरने घाईघाईने ‘हरकत आहे’ हे बटण दाबलं. स्क्रीनवर लगेच उत्तर उमटलं:

‘हरकत अपेक्षित. या समाजाचे नातेवाईक आधी चिडतात, मग नेतात. खाट क्रमांक सात रिकामी धरावी.’