दवाखान्यातली पाटी

दाढ अशी ठणकत होती की रंगाऱ्याचं बूड खुर्चीवर टेकेना, आणि दाताच्या डॉक्टरांकडे त्याच्याआधी निम्मं गाव येऊन बसलेलं. भिंतीवर एक जुनी लॅटिन पाटी होती, ‘मेमेंटो मोरी’.

“डॉक्टरांची डिग्री असेल,” शेजारच्या काकू म्हणाल्या.

“छे हो! ‘इथे थुंकू नये’ असणार,” पलीकडचे आजोबा म्हणाले.

रंगाऱ्याला लॅटिनचा ल येत नव्हता, पण थापा मारण्यात गडी एक नंबर. गाल दाबत त्याने आवाज खाली आणला. “काकू, मी मागच्या खेपेलाच विचारलं. ‘लक्षात ठेव, तू मरणार आहेस’ असं लिहिलंय.”

काकूंना एकदम गॅसवरचं दूध आठवलं. आजोबांचा दात दुखायचाच थांबला. बघता बघता खुर्च्या रिकाम्या झाल्या, आणि रंगारी मनातल्या मनात शीळ घालत आत जाऊन आडवा झाला.

इंजेक्शनने जबडा बधिर होत आला, तसं त्याने हसू दाबत विचारलं, “डॉक्टर, त्या पाटीवर खरं काय लिहिलंय हो?”



“ती होय?” डॉक्टरांनी पक्कड उचलली. “‘लक्षात ठेव, तू मरणार आहेस.’ हं, आता मोठा आ करा.”