आजारी माणूस आधी

चर्चची घंटा थांबेना, तेव्हा रेरुंगने हातातलं काम टाकलं. भरदुपारी, रविवार नसताना घंटा वाजते ती एकाच कारणाने. त्याने वर पाहिलं. कॉफीच्या झाडांमागे डोंगराला उभी भेग पडली होती आणि तिच्यातून लाल चिखल गळत होता. आठवडाभर पाऊस पिऊन डोंगर पार फुगला होता.

ओढ्यापलीकडून शेजारचा सांपे जिवाच्या आकांताने ओरडत होता, "अरे रेरुंग, निघ बाबा! पूल हलायला लागलाय! एकदा आलास की परत जाता यायचं नाही!"

एकदाच. आणि घरात माणसं दोन. गुडघे गेलेला म्हातारा बाप आणि दक्षिणेच्या खोलीत आजारी आई. दोघांनाही उचलूनच न्यायला हवं होतं, आणि रेरुंगला पाठ एकच होती.

तो चिखलातून घसरत गोठ्यापाशी आला. ठिपक्यांचा रेडा दावं ताणून रेकत होता. हा रेडा आईसाठी घेतलेला. त्याच्यापायी रेरुंगने समुद्रापलीकडच्या पामतेलाच्या मळ्यात तरणीताठी वर्षं घातली होती. गावी परतल्यावरही तो सारा दिवस रेड्यातच असायचा. चारा काय, अंघोळ काय, डासांसाठी धूर काय! बाप वरून हाक मारायचा, "अरे, रेड्यापाशी बसतोस तेवढा माझ्यापाशी बस की घटकाभर. कॉफी निवतेय." आणि हा म्हणायचा, "आईचं एकदा नीट पार पडू दे बाबा, मग बसू निवांत." त्याने कोयत्याने दावं तोडलं. रेडा उधळत खाली गेला. कुठे गेला, ते बघायलाही रेरुंग थांबला नाही.

खांबांवर उभारलेल्या घराची शिडी तो धावतच चढला. बाप मधल्या खांबाशी बसला होता, खांबाला दोन्ही हातांनी मिठी मारून.

"चला बाबा, बसा पाठीवर."

"आधी तिला ने."

"बाबा, पूल जातोय!"

"म्हणून तर म्हणतो, आजारी माणूस आधी. मला काय धाड भरलीय? मी ठणठणीत आहे."

रीत तशीच होती. ताटातला पहिला घास आजारी माणसाचा. त्याच्या खोलीत जायचं ते विचारून. बाप रोज सकाळी आईच्या उशाशी कॉफी ठेवायचा, गार झाली की उचलायचा, आणि मध्ये तिला गावभरच्या बातम्या सांगत बसायचा. रेरुंग दूर होता तेवढा काळ म्हाताऱ्याला बोलायला दुसरं होतं तरी कोण?

रेरुंग आतल्या खोलीकडे धावला. दाराशी मात्र थबकला. "येतो गं आई," तो म्हणाला. जीव मुठीत होता, तरी सवय सुटत नव्हती.

आई लाल कापडात शांत पडली होती. उशाशी सकाळची कॉफी तशीच होती. कपातल्या कॉफीवर बारीक लहरी उठत होत्या. घराखालची जमीनच हलत होती. रेरुंगने आईच्या मानेखाली हात घातला आणि तिला अर्धवट उचललं. किती हलकी झाली होती! हिला घेऊन पूल सहज ओलांडता येईल, त्याच्या मनात आलं. आणि मग त्याला तो पलीकडचा काठ दिसला. पाठीवर आई, मागे तुटलेला पूल, आणि इकडे खांब धरून बसलेला बाप. 

त्याने आईला हलकेच खाली ठेवलं. कापड नीट केलं. "राग धरू नकोस गं," असं काहीसं पुटपुटला आणि बाहेर आला.

त्याचे रिकामे हात पाहून बाप कडाडला, "लाज नाही वाटत? आजारी आईला टाकून निघालास? तुला याचसाठी वाढवलं तिनं?"

"उठा बाबा, पाया पडतो तुमच्या!"

"मी नाही हलणार! तिच्याशिवाय नाही!"

वर काहीतरी फाटल्यासारखा आवाज झाला. छताचे बांबू करकरले, चुलीवरची भांडी खाली आली. रेरुंगने म्हाताऱ्याची बोटं सोडवून पाहिली. जन्मभर कुदळ धरलेली बोटं ती, सुटतात कसली! सांपेचा आवाजही आता येईनासा झाला होता.

रेरुंग बापाच्या पुढ्यात गुडघ्यांवर बसला. निरोपाच्या विधीत पहिला रेडा कापला जाईपर्यंत घरात जो शब्द कुणी तोंडातून काढत नाही, त्याऐवजी 'आजारी' म्हणतात, तो त्याच्या जिभेवर आला होता. त्या शब्दाचं भय त्याला डोंगराहूनही जास्त वाटलं. त्याने बापाचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"आई मेलीय, बाबा. सहा पावसाळे झाले. तुम्ही जिवंत आहात."

म्हाताऱ्याची खांबाभोवतीची मिठी सुटली आणि रेरुंगच्या गळ्यात पडली.