हनुवटीखालचा गुलाबी डाग

“आधी तोंड हुंगायचं, मॅडमजी. माणसं काय सांगतात ते मागाहून.”

मानेसरच्या डोंगरात, भूल दिल्यावर मेलेल्या बिबट्याशेजारी उकिडवा बसून कंपाउंडर दीनानाथ हे म्हणाला होता. एकोणीस वर्षांनी, दिल्लीच्या करोल बागेतल्या आपल्या एका खोलीच्या दवाखान्यात, डॉक्टर अलकनंदाने एका पांढऱ्या सशाचं तोंड हुंगलं.

स्ट्रॉबेरी. हनुवटीखालचे केस चिकटून गुलाबी झाले होते.

“काल रात्रीपासून खात नाही,” सूर्यकांत म्हणाले. “लेंडीसुद्धा नाही. नातीचा आहे, वृंदाचा. ती पण जेवली नाहीये.”

“काही औषध दिलंत, साहेब?”

“बिल्कुल नाही.”

वनखात्यातले तिचे तेव्हाचे साहेब. केस गेले होते, आवाज तोच होता. त्या बिबट्याच्या तोंडाला कीटकनाशकाचा वास होता, आणि विष घातलेलं मांस साहेबांच्या मित्राच्या फार्महाऊसवर सापडलं होतं. अहवालात साहेबांनी लिहिलं, भुलीचा डोस जास्त झाला, चूक दीनानाथची. दीनानाथची नोकरी गेली. त्या पानावर खाली अलकनंदाचीही सही होती.

आज संकष्टी. संकष्टीला ती आवाज चढवत नसे.

“सर्दीचं गुलाबी औषध,” ती हळूच म्हणाली. “मुलांचं अँटिबायोटिक. सशाच्या पोटातले चांगले जंतू त्याने मरतात. आतडी थांबतात.”

सूर्यकांतांनी रुमाल काढला. “शिंकत होता, म्हणून अर्धा चमचा... वृंदाला सांगू नका. मी तिला प्रॉमिस केलंय, मी काही दिलं नाही म्हणून.”

अलकनंदाने सशावर टॉवेल पांघरला. त्याच्या आडून, त्यांना दिसणार नाही अशा बेताने, तिने सलाईन टोचलं, मग दुखणं थांबवायचं इंजेक्शन. ससा थोडा थरथरला. तिने कोरा कागद पुढे सरकवला.

“लिहा. काय दिलं, किती, कधी.”

त्यांनी भराभर लिहिलं.

“आता त्याखाली बिबट्याचं.”

“काय?”

“मांस कुठे सापडलं. कोणाच्या सांगण्यावरून अहवाल बदलला. दीनानाथने डोस बरोबर भरला होता, हेही.”

“अलकनंदाबाई, हे ब्लॅकमेल आहे.”

“नाही साहेब. केस हिस्टरी. खोटी हिस्टरी मिळाली की जनावर मरतं.”

“एवढी देवधर्म करणारी बाई तुम्ही! उपास असेल ना आज?”

“आहे. म्हणून तर शांतपणे सांगतेय.”

टॉवेलखाली काही हालचाल दिसेना. सूर्यकांतांनी घड्याळाकडे पाहिलं, सशाकडे पाहिलं, आणि लिहायला लागले. पानाची मागची बाजूही भरली. त्यांनी सही केली. तिने कागद दोनदा वाचला, खाली स्वतःची सही केली, आणि घडी घालून पर्समध्ये ठेवला.

“आता तरी इंजेक्शन द्या!”

“ते मघाशीच दिलं.”

त्यांनी कागदासाठी हात पुढे केला. पर्स तिच्या खांद्याला होती.

“दर चार तासांनी सिरिंजने भरवायचं. उद्या सकाळी परत आणा. आठवडाभर काही सांगता येत नाही. आणि साहेब, प्रत्येक वेळी वृंदाला जवळ बसवायचं. हे कशामुळे झालं, ते तुम्ही तिला सांगायचं.”

“प्रत्येक वेळी?”

“प्रत्येक वेळी.”

कोपऱ्यात गणपतीपुढे सकाळी निवडलेल्या दूर्वांची जुडी होती. त्यातली एक काडी तिने सशाच्या नाकाशी धरली. बराच वेळ काहीच झालं नाही. मग मिशा हलल्या, काडी जरा आत गेली.

सूर्यकांत सशाची टोपली छातीशी धरून निघून गेले. त्यांनी नमस्कार केला नाही.

अलकनंदाने उरलेल्या दूर्वा वाहिल्या, दिवा शांत होऊ दिला, आणि मोदकांचा डबा पिशवीत ठेवला. मेट्रो, मग शेअर ऑटो. चंद्रोदयाच्या आत मानेसरला पोचायला हवं होतं. दीनानाथला तिने शब्द दिला होता, खरं लिहून आणीन त्या दिवशी तुझ्या अंगणात उपास सोडीन.

तिने कडी लावली, कुलूप ओढून पाहिलं, आणि चालू लागली.